पाइप फुटला तरी गाडी थांबलीच पाहिजे! मशीनला सुरक्षित बिघडायला शिकवणारा जॉर्ज वेस्टिंगहाउस

रेल्वेच्या डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण ती थांबते कशी?

अनेकांना वाटतं की साखळी ओढल्यावर इंजिनात घंटा वाजत असेल आणि मग लोको पायलट ब्रेक लावत असेल. लोको पायलटला ते कळतं हे खरं, पण मुख्य काम डब्याखालीच सुरू झालेलं असतं. साखळी ओढली की डब्याखालच्या पाइपातली दाबाखालची हवा बाहेर पडू लागते. तो फुस्सss आवाज तुम्हीही कधीतरी ऐकला असेल. पाइपातला दाब उतरला की ब्रेक लागायला सुरुवात होते.

म्हणजे पाइपात पुरेशी हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले आणि हवा गेली की ब्रेक लागलेले. आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलटं.

हा उलटा हिशेब १८७२ मध्ये पंचविशीतल्या एका अमेरिकन तरुणाने मांडला. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस. टेस्ला आणि एडिसनच्या भांडणाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तर टेस्लाच्या बाजूने पैसा लावणारा उद्योगपती म्हणून हे नाव कानावरून गेलं असेल. पण वेस्टिंगहाउसची ओळख तेवढीच नाही. मशीन बिघडणारच आहे, तर ते कुठल्या बाजूला बिघडावं हे आधी ठरवा, हा आजच्या यंत्रसुरक्षेचा पाया. हा पाया मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांमध्ये त्याचं नाव फार वरचं आहे.

वर्कशॉपमध्ये वाढलेलं पोर

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या गावचा. वडील शेतीची यंत्रं बनवायचे. पुढे त्यांनी स्केनेक्टडी शहरात वर्कशॉप काढलं आणि जॉर्जचं लहानपण तिथेच लेथ, लोखंड आणि वाफेच्या इंजिनांच्या संगतीत गेलं. शाळेपेक्षा त्याचं मन तिथेच जास्त रमायचं.

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. पंधरा वर्षांचा जॉर्ज सैन्यात जायला घरातून पळाला, घरच्यांनी परत आणला. पुढे मात्र तो उत्तरेच्या बाजूने घोडदळात आणि नंतर नौदलात इंजिनिअर म्हणून गेला. युद्धात त्याचा एक भाऊ मारला गेला. परत आल्यावर त्याने युनियन कॉलेजात नाव घातलं आणि जेमतेम काही महिन्यांत सोडलं. पण १८६५ मध्ये, १९ व्या वर्षी, फिरत्या वाफेच्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्याच्या नावावर लागलं होतं.

त्यानंतर तो वळला रेल्वेकडे. रुळावरून घसरलेला डबा परत रुळावर चढवायचं साधन त्याने बनवलं. ते विकण्यासाठी तो गावोगाव फिरू लागला आणि या फिरतीतच त्याला आयुष्यभराचं काम सापडलं.

डब्यांच्या टपावरून धावणारी माणसं

त्या काळी गाडी थांबवायची म्हणजे काय करावं लागायचं, हे आज वाचून अंगावर काटा येतो.

इंजिन ड्रायव्हर शिट्टी वाजवायचा. ती ऐकून ब्रेकमन नावाचे कामगार कामाला लागायचे. प्रत्येक डब्याला हाताने फिरवायचं एक चाक असायचं. ते जोर लावून फिरवलं की त्या डब्याचे ब्रेक आवळले जायचे. मग ब्रेकमन पुढच्या डब्याकडे पळायचा. मालगाडीत ही चाकं टपावर असायची. म्हणजे पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो, धावत्या गाडीच्या टपावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची. पाय घसरला की संपलं.

एवढं करूनही गाडी थांबायला खूप अंतर लागायचं. कुठला डबा आधी आवळला जाईल आणि कुठला नंतर, याचा भरवसा नव्हता.

१८६६ मध्ये स्केनेक्टडीहून ट्रॉयला जाताना जॉर्जची गाडी वाटेत अडकली. पुढे दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दिवस स्वच्छ होता, रूळ सरळ होते आणि दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसलीही होती. पण दिसून उपयोग काय? थांबायला वेळच पुरला नाही.

सगळ्या डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या हातात, एकाच वेळी द्यायचे कसे, हा प्रश्न तिथून त्याच्या डोक्यात बसला. त्याने डब्यांना जोडणाऱ्या साखळ्यांचा विचार केला, वाफेचा विचार केला. पण लांबच लांब थंड पाइपात वाफेचं पाणी होतं. मग एका मासिकात त्याने आल्प्समधल्या माँ सनी बोगद्याबद्दल वाचलं. तिथे डोंगराच्या पोटातली ड्रिल मशीन दूरवरून पाइपाने आणलेल्या दाबाखालच्या हवेवर चालत होती. हवा थंड झाली तरी हवाच राहते. हजारो फूट लांब हवा नेऊन दगड फोडता येतो, तर गाडी का थांबवता येणार नाही?

पहिला ब्रेक चालला, पण...

१८६९ च्या एप्रिलमध्ये, २२ व्या वर्षी, त्याला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं. रचना सोपी होती. इंजिनावर हवा दाबून भरणारा पंप आणि टाकी. तिथून प्रत्येक डब्याखालून जाणारा पाइप. ड्रायव्हरने झडप उघडली की हवा पाइपातून प्रत्येक डब्याच्या ब्रेक सिलिंडरमध्ये जाणार आणि ब्रेक लागणार.

याच्या पहिल्या फेरीचा किस्सा अमेरिकन रेल्वेत अजूनही सांगितला जातो. पिट्सबर्गहून गाडी निघाली, बोगद्यातून बाहेर पडली आणि पुढे फाटकावर एक घोडागाडी रुळातच अडकलेली दिसली. गाडीवान रुळावर पडला होता. ड्रायव्हर डॅनियल टेटने झडप फिरवली आणि गाडी त्या माणसाच्या काही फूट अलीकडे थांबली. किस्स्यात मीठमसाला किती हा भाग वेगळा, पण त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी उभी राहिली आणि रेल्वे कंपन्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माल खपत होता, नाव होत होतं. पण वेस्टिंगहाउसला आपल्याच ब्रेकमध्ये एक भयंकर उणीव दिसत होती.

या रचनेत ब्रेक लावायला हवा लागते. मग पाइप फुटला तर? दोन डब्यांमधला नळ निसटला तर? गाडी मधूनच तुटून मागचे डबे वेगळे झाले तर? अशा वेळी हवा पोहोचणारच नाही आणि ब्रेक लागणारच नाहीत. म्हणजे नेमकी जेव्हा सर्वात जास्त गरज, तेव्हाच ब्रेक गायब. त्याहून वाईट म्हणजे पाइप फुटलाय हे ड्रायव्हरला ब्रेक लावायला जाईपर्यंत कळणारही नाही.

मग त्याने सगळं उलटं केलं

१८७२ मध्ये त्याने आपलाच शोध मोडीत काढणारी नवी रचना आणली.

आता प्रत्येक डब्याखाली स्वतःची हवेची टाकी आली. इंजिनातून येणाऱ्या पाइपात गाडी चालू असताना कायम दाब ठेवायचा. हा दाब टाक्या भरून ठेवतो आणि ब्रेक सोडून ठेवतो. टाकी आणि पाइप यांच्यामध्ये एक झडप असते, नाव ट्रिपल व्हॉल्व्ह. तिची कामं तीन: टाकी भरणं, ब्रेक लावणं आणि ब्रेक सोडणं. तिच्यातल्या दट्ट्याच्या एका बाजूला पाइपातला दाब, दुसऱ्या बाजूला टाकीतला. पाइपातला दाब कमी झाला की दट्ट्या सरकतो, टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतात. दाब परत वाढला की ब्रेक सुटतात.

आता पाइप फुटला तर काय होईल? दाब जाईल आणि ब्रेक लागतील. डबे निसटले तर? दाब जाईल आणि ब्रेक लागतील, तेही दोन्ही तुकड्यांचे. पंप बंद पडला आणि दाब उतरत गेला तरी ब्रेक लागतील.

म्हणजे बिघाड हाच थांबण्याचा हुकूम झाला. ब्रेक लावण्यासाठी काही घडावं लागत नाही, उलट गाडी चालत राहण्यासाठी सगळं ठीक असावं लागतं. इंजिनिअर याला फेल-सेफ म्हणतात. आपल्या घरगुती भाषेत, बिघडलं तरी सांभाळून बिघडणारं.

आता ऐकताना हे फार सोपं वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक डब्याला टाकी आणि नाजूक झडप बसवायची होती. खर्च वाढणार, देखभाल वाढणार. आधीचा साधा ब्रेक तर रोज चालताना दिसत होता. जो बिघाड अजून झालाच नाही, त्यासाठी पैसे कोण मोजणार? हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

आर्मा: ८० जीव गेल्यावर झालेला कायदा

१२ जून १८८९. आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेच्या मुलांची सहल समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली होती. गाडीत ९०० हून अधिक माणसं. पुढे मोठा चढ लागला आणि इंजिनाची ताकद संपली. गाडी अडकली.

कर्मचाऱ्यांनी ठरवलं की गाडीचे दोन भाग करू, पुढचा भाग आधी वर नेऊ, मग मागचा. गाडीला सगळ्या डब्यांवर चालणारा व्हॅक्युम ब्रेक होता, पण साधा. म्हणजे इंजिनाशी जोडलेले असाल तरच ब्रेक. डबे सोडवले आणि मागच्या भागाचा ब्रेक तिथेच संपला. उरला तो फक्त शेवटच्या डब्यातला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि माणसांनी भरलेले डबे उतारावरून मागे पळत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. धडकेत सुमारे ८० जण मेले आणि त्यात लहान मुलं बरीच होती.

वेस्टिंगहाउसने १७ वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली उणीव हीच. स्वयंचलित ब्रेक असता तर डबे सोडवताक्षणी दाब गेला असता आणि मागचे डबे जागेवर जखडले असते.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्यांनी हवेच्या दाबाऐवजी स्वयंचलित व्हॅक्युम ब्रेक घेतला आणि तोच पुढे भारतातही कित्येक दशकं चालला. माध्यम वेगळं, तर्क तोच: पाइपातली नेहमीची स्थिती बिघडली की ब्रेक लागणार. नंतर भारतीय रेल्वेही टप्प्याटप्प्याने एअर ब्रेककडे वळली. आज आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब राखला जातो.

५० डब्यांची परीक्षा

तिकडे अमेरिकेत प्रश्न मालगाड्यांचा होता. १८८६ आणि १८८७ मध्ये आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनजवळ ५० डब्यांच्या मालगाड्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची परीक्षा घेतली गेली. वेस्टिंगहाउसचा ब्रेक तिथे अडखळला. पाइपातला दाब उतरल्याची खबर शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागायचा. पुढचे डबे थांबलेले आणि मागचे अजून धावतायत. परिणाम म्हणजे मागचे डबे पुढच्यांवर असे आदळायचे की आत बसलेली माणसं फेकली जायची.

विजेने झडपा उघडणारे ब्रेक यात सरस ठरले. पण बर्लिंग्टननंतर वेस्टिंगहाउस पुन्हा कामाला बसला आणि काही महिन्यांतच सुधारलेली झडप घेऊन आला. आता आणीबाणीत प्रत्येक डब्याची झडप स्वतःही पाइपातली हवा सोडायची, त्यामुळे खबर डब्याडब्याला पुढे ढकलली जात काही सेकंदांत शेवटपर्यंत जायची. मग त्याने ५० डब्यांची गाडी घेऊन देशभर प्रात्यक्षिकं केली.

त्या दशकाच्या शेवटी अमेरिकन रेल्वेत एका वर्षात सुमारे २,००० कामगार मरत होते आणि सुमारे २०,००० जखमी होत होते. डबे जोडताना चिरडले जाणारे आणि टपावरून पडणारे यांत मोठ्या संख्येने होते. लोरेन्झो कॉफिनसारखे लोक वर्षानुवर्षं कायद्यासाठी झगडत होते. अखेर २ मार्च १८९३ रोजी सेफ्टी अप्लायन्स कायदा झाला आणि रेल्वे कंपन्यांवर ब्रेक आणि आपोआप जुळणाऱ्या कपलिंगची सक्ती आली. टपावरची धावपळ हळूहळू इतिहासजमा झाली.

सिग्नल आणि गॅस, तर्क तोच

१८८१ मध्ये वेस्टिंगहाउसने युनियन स्विच अँड सिग्नल ही कंपनी उभी केली. तिच्याकडे विल्यम रॉबिन्सन यांचा १८७२ चा एक शोध आला होता, ट्रॅक सर्किट.

कल्पना अशी: रुळाच्या एका तुकड्याच्या टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. बॅटरीची वीज दोन्ही रुळांतून फिरून रिलेला उचलून धरते, तोवर सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि अॅक्सल दोन रुळांना जोडतात, वीज मधूनच परत फिरते, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गंमत पुढे आहे. रूळ तुटला, बॅटरी संपली किंवा तार निघाली, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. एअर ब्रेकचाच तर्क, फक्त हवेच्या जागी वीज.

१८८४ मध्ये पिट्सबर्गच्या आपल्या घराच्या आवारातच त्याने विहीर खोदली आणि नैसर्गिक वायू लागला. शहराला गॅस पुरवण्याच्या धंद्यातही त्याने आधी गळतीकडे लक्ष दिलं. पाइपाभोवती दुसरा पाइप घालून गळलेला गॅस बाहेर काढणं, दाब पायरीपायरीने कमी करणं, दाब फार पडला तर पुरवठा बंद करणं. शेवटचं का? दाब गेला की घरातल्या ज्योती विझतात. दाब परत आला की न पेटलेल्या बर्नरमधून गॅस घरात भरतो. म्हणून बंद पडलेली गोष्ट आपोआप चालू होऊ द्यायची नाही. कारखान्यातलं मशीन लाइट गेल्यावर आणि परत आल्यावर स्वतःहून का सुरू होऊ द्यायचं नाही, त्याचंही उत्तर हेच.

विजेचं युद्ध

१८८५ मध्ये वेस्टिंगहाउसचं लक्ष एसी म्हणजे प्रत्यावर्ती विजेकडे गेलं. एडिसनची डीसी वीज तेव्हा वीजघरापासून दीडेक किलोमीटरपलीकडे नेणं परवडत नव्हतं. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता-कमी करता येतो, त्यामुळे ती लांब नेता येते. त्याने युरोपातून गोलार आणि गिब्स यांचे ट्रान्सफॉर्मर मागवले. विल्यम स्टॅन्ले या त्याच्या इंजिनिअरने मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन गावात एसीवर दिवे लावून दाखवले. १८८८ मध्ये निकोला टेस्लाच्या मोटरची पेटंटं त्याने घेतली.

पुढचं युद्ध प्रसिद्ध आहे. एडिसनच्या गोटातून एसी म्हणजे मृत्यू असा प्रचार झाला. प्राण्यांना एसीचे धक्के देऊन जाहीर प्रयोग झाले. वेस्टिंगहाउसने नकार देऊनही त्याच्याच कंपनीचे जनरेटर आडमार्गाने मिळवून १८९० मध्ये विल्यम केमलर याला विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड दिला गेला.

पण भीती सगळीच खोटी नव्हती, हेही खरं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तेव्हा तारांचं जाळं होतं आणि १८८९ मध्ये एक लाइनमन भरदिवसा गर्दीसमोर तारांमध्येच लटकून मेला. उच्च दाबाची तार टेलिग्राफच्या तारेला कुठेतरी चिकटली होती. स्वतःपुरती चांगली असलेली यंत्रणा शेजारच्या यंत्रणेत घुसली की काय होतं, त्याचा हा नमुना होता.

युद्ध मात्र वेस्टिंगहाउसने जिंकलं. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन त्याच्या एसीने उजळलं आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज सुमारे ४० किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोहोचली.

त्याचीच वीज, त्याचेच सिग्नल आणि नवा पेच

आता वेस्टिंगहाउसच्या हातात तीन गोष्टी होत्या: ब्रेक, सिग्नल आणि वीज. पुढची पायरी उघड होती, विजेवर चालणारी रेल्वे. १९०७ मध्ये न्यू हेवन रेल्वेचा न्यूयॉर्कजवळचा मार्ग त्याच्या कंपनीच्या यंत्रणेवर धावू लागला. डोक्यावरच्या तारेत ११,००० व्होल्ट, २५ हर्ट्झ एसी.

आणि इथे फेल-सेफ तर्कालाच प्रश्न पडला.

विजेची गाडी वरच्या तारेतून वीज घेते आणि ती परत जाते रुळांमधून. त्याच रुळांमधून सिग्नलची इवलीशी वीज रिलेपर्यंत जात असते. जुना तर्क म्हणतो, वीज गेली की सिग्नल लाल. पण वीज जाण्याऐवजी नको ती वीज आली तर? रुळावर गाडी उभी आहे, रिले पडायला हवा, पण इंजिनाच्या परतणाऱ्या विजेने त्याला उचलून धरलं, तर सिग्नल मोकळा दिसेल आणि मागची गाडी येऊन धडकेल. हा बिघाड चुकीच्या बाजूचा. पाइप फुटणं, तार तुटणं यांचा बंदोबस्त झाला होता. हा पाहुणा मात्र भलत्याच दाराने आत येत होता.

उपाय असा निघाला की रिलेने कुठल्याही विजेवर विश्वास ठेवायचा नाही, आपल्या ओळखीच्या विजेवरच ठेवायचा. न्यू हेवनवर गाडीची वीज २५ हर्ट्झची होती, म्हणून सिग्नलसाठी ६० हर्ट्झ वापरले आणि रिले असे बनवले की त्यांनी गाडीच्या विजेला दाद देऊ नये.

त्रास एवढ्यावर थांबला नाही. वरच्या तारेतून जाणारी आणि जमिनीजवळून परतणारी वीज मिळून एक लांबलचक वेटोळं तयार होतं. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारून जाणाऱ्या टेलिफोन आणि टेलिग्राफच्या तारांमध्ये, स्पर्श न होताही, वीज निर्माण होते. न्यू हेवनच्या कडेच्या तारांवर हा उपद्रव जाणवू लागला. पुढच्या काही वर्षांत त्या रेल्वेची वीजपुरवठ्याची रचनाच बदलून परतीची वीज जमिनीऐवजी वरच्याच दुसऱ्या तारेने नेण्याची सोय केली गेली. जाणारी आणि येणारी वीज जवळजवळ असली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडतात.

एका यंत्रणेने दुसरीला त्रास द्यायचा नाही आणि दुसरीने थोडा त्रास सहन करायची ताकद ठेवायची, या शास्त्राला आज विद्युतचुंबकीय सुसंगतता किंवा ईएमसी म्हणतात. मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासातही ते आहे. मुंबईत १९२५ पासून विजेच्या गाड्या १,५०० व्होल्ट डीसीवर धावल्या आणि २०१० च्या दशकात त्यांचं २५,००० व्होल्ट एसीवर रूपांतर पूर्ण झालं. अशा बदलात वरची तार आणि इंजिनं बदलून भागत नाही. डीसी मार्गावर चालणारं ट्रॅक सर्किट एसी मार्गावर तसंच ठेवता येत नाही, कारण आता रुळांतून परतणारी वीजच वेगळी असते.

कंपनी गेली, तर्क राहिला

१९०७ हेच वेस्टिंगहाउसच्या पडझडीचंही वर्ष. अमेरिकेतल्या आर्थिक घबराटीत त्याची इलेक्ट्रिक कंपनी कर्जाखाली अडकली आणि तिच्यावरचा त्याचा ताबा सुटला. १९११ पर्यंत त्याचा तिच्याशी संबंध संपला. त्याच वर्षीचं अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं पदक त्याला जाहीर झालं आणि त्या पदकाचं नाव होतं एडिसन पदक. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. यादवी युद्धातला सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली. नावावर ३६१ पेटंटं होती. त्याने १८७१ पासूनच कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी दिली होती, हीदेखील त्याची आठवण सांगितली जाते.

त्याचा तर्क मात्र कारखान्याकारखान्यात पोहोचला. प्रेस मशीनवर जे लाल रंगाचं इमर्जन्सी स्टॉप बटण असतं, त्याचा संपर्क नेहमी जोडलेला ठेवतात. दाबलं की तो तुटतो. का? तार उंदराने कुरतडली तरी मशीन थांबावं म्हणून. पाइप फुटला की ब्रेक, तसंच तार तुटली की स्टॉप.

न्यू हेवनचा धडाही तिथेच लागू पडतो. मोटरचा वेग बदलणारे आजचे ड्राइव्ह विजेचे फार वेगवान तुकडे करतात आणि शेजारच्या केबलमध्ये गोंधळ पेरतात. सुरक्षेच्या सर्किटमध्ये तो शिरला तर दार उघडं असतानाही ते बंद आहे असा भास कंट्रोलरला होऊ शकतो. म्हणून केबलला धातूचं आवरण घालतात, पॉवरच्या आणि सिग्नलच्या केबल वेगळ्या नेतात, एकाऐवजी दोन मार्गांनी खात्री करतात. शिवाय अनेक सुरक्षा यंत्रणा नुसतं व्होल्टेज आहे का हे पाहत नाहीत, आपणच पाठवलेले ठरावीक स्पंद परत येतायत का हे तपासतात. ही तर ६० आणि २५ हर्ट्झचीच गोष्ट. आयईसी ६१५०८ हे फंक्शनल सेफ्टीचं आंतरराष्ट्रीय मानकही हेच विचारतं: बिघाड कोणकोणते होऊ शकतात आणि त्यातले धोक्याच्या बाजूचे किती?

कारण फेल-सेफ म्हणजे जादू नाही. २७ जून १९८८ रोजी पॅरिसच्या गार द ल्याँ स्थानकात एक लोकल उभ्या गाडीवर आदळली आणि ५६ जण मेले. त्या गाडीलाही स्वयंचलित एअर ब्रेक होता. आधीच्या एका स्टेशनवर कुणीतरी साखळी ओढली, ब्रेक सोडवण्याच्या खटपटीत पाइपाची झडप चुकून बंद झाली आणि मग मागच्या डब्यांचे ब्रेक हाताने सोडले गेले. पाइप फुटला असता तर गाडी थांबली असती. तो फुटला नाही, बंद झाला.

म्हणून वेस्टिंगहाउसकडून घ्यायचं ते एखादी झडप नाही, सवय आहे. १८६९ चा त्याचा ब्रेक चालत होता आणि विकलाही जात होता. तरी तो कसा बिघडेल हे त्याने स्वतःच शोधलं आणि नवा ब्रेक बनवला. आर्मामध्ये तो प्रश्न विचारला गेला तो ८० जणांच्या मृत्यूनंतर.